उत्पन्नातली विषमता मोजताना आजारपणाचा खर्च वजा करायचा की नाही?

दीपमाळ
दोन घरं डोळ्यांसमोर आणा. दोन्हींकडे महिन्याला सारखाच पैसा येतो. एका घरात सगळे धडधाकट, दुसऱ्यात आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. उत्पन्नाच्या तक्त्यात ही दोन्ही घरं शेजारी शेजारी बसतात, आणि मला तो तक्ताच खोटा वाटतो. कर कापून उरलेलं उत्पन्न आपण मोजतो, कारण कर टाळता येत नाही. डायलिसिस तरी कुठे टाळता येतं?

अमेरिकेतली गरिबीची अधिकृत रेषा १९६० च्या दशकात अन्नखर्चावरून आखली गेली. २०११ पासून तिथलं जनगणना खातं एक पूरक मोजमापही प्रसिद्ध करतं. त्यात विम्याचे हप्ते आणि खिशातून केलेला वैद्यकीय खर्च उत्पन्नातून वजा होतो. एवढ्या एका वजाबाकीने लक्षावधी माणसं रेषेखाली जातात, आणि वृद्धांना तिचा फटका सर्वांत जास्त बसतो.

विम्याचंही तेच. मी बरीच वर्षं पगारपत्रकं तयार केली आहेत. नोकरीतून मिळणाऱ्या विम्याचा हप्ता माणशी ठरतो, पगार कितीही असो. सफाई कामगाराच्या नावापुढे आणि व्यवस्थापकाच्या नावापुढे मी एकच आकडा लिहायचे. हप्ता वाढला त्या वर्षी खालच्या लोकांची पगारवाढ त्यातच जिरायची. जर्मनीने १८८३ च्या आजारविमा कायद्यातच वर्गणी मजुरीच्या प्रमाणात ठेवली होती. म्हणजे दुसरा मार्ग नव्हता असं नाही.

ताळेबंद
असहमत. खर्च वजा करता, मग सरकारने भरलेला उपचार जमेला का नाही धरत? अमेरिकी संसदेचं अंदाजपत्रक कार्यालय तो धरतं, आणि तसं केल्यावर तळच्या थराचं उत्पन्न बरंच वर आलेलं दिसतं. फुकट झालेली शस्त्रक्रिया ही त्या घराला मिळालेलीच गोष्ट आहे. वहीची एकच बाजू लिहून हिशेब होत नाही.

शिवाय वैद्यकीय खर्चात गरज किती आणि निवड किती, हे कोण ठरवणार? पैसेवाला स्वतंत्र खोली घेतो, चार तज्ज्ञांची मतं घेतो, दरवर्षी डोक्यापासून पायापर्यंत तपासण्या करतो. तुमच्या वजाबाकीत तोही कागदावर गरीब होतो.

आणि खर्च वाढला म्हणजे कोणी लुबाडतंय, असंही नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकातच याचं कारण मांडलं. यंत्रामुळे कापड विणायचा वेळ घटत गेला. जखम धुवायला, रुग्णाला उठवून बसवायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. तरी परिचारिकेचा पगार इतरांच्या बरोबरीने वाढवावाच लागतो, नाहीतर ती टिकणार नाही. अशी सेवा महागच होत जाणार.

दीपमाळ
श्रीमंतांचा मुद्दा मान्य, वजावटीला मर्यादा घाला. पण फुकट उपचार जमेला धरायचा तर किती किमतीला? गोम तिथेच आहे. सरकारला पडलेला खर्च हेच रुग्णाचं उत्पन्न मानलं, तर उद्या इंजेक्शनची किंमत दुप्पट झाल्यावर गरीब घराचं 'उत्पन्न' वाढेल आणि विषमता घटलेली दिसेल. घरात एक पैसा जास्त आलेला नसेल. त्या इंजेक्शनने घरभाडं भरता येत नाही. बॉमोल यांचं कारण बरोबर असेल तर ही चूक दरवर्षी फुगत जाणार.

पाणपोई
तुम्हा दोघांच्याही हिशेबातून एक घर सुटलं: ज्याने खर्चच केला नाही. जागतिक स्तरावर अनेक वर्षं पाहिलं जायचं ते हे, की घरखर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांहून अधिक खर्च उपचारांवर झाला का. झाला तर तो पेलण्यापलीकडचा. पण दुखणं अंगावर काढणाऱ्याचा, गोळी अर्धी करून दोन दिवस पुरवणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य. तो या मापात सुरक्षित ठरतो. दीपमाळ, तुमच्या वजाबाकीतही तो जिथे होता तिथेच राहतो.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, की चांगले उपचार जिथे सर्वांत जास्त लागतात तिथेच ते कमी मिळतात, आणि बाजाराच्या हाती जितकं जास्त सोपवाल तितकं हे अंतर वाढतं. मोजायचंच असेल तर न घेतलेले उपचार मोजा.

रोखठोक
मग काय, सगळं फुकट? अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने १९७४ पासून काही वर्षं मोठा प्रयोग केला. कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळे विमे दिले. ज्यांना पूर्ण फुकट मिळालं त्यांनी कितीतरी जास्त सेवा वापरली, पण सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. तो जास्तीचा पैसा शेवटी करातूनच येतो, आणि कर गरीबही भरतो.

पाणपोई
प्रयोगाचा दुसरा निष्कर्षही सांगा. गरीब आणि रक्तदाब असलेल्यांना फुकट उपचारांचा फायदा स्पष्ट दिसला. शिवाय स्वतः पैसे भरावे लागणाऱ्यांनी निरुपयोगी सेवांबरोबर उपयोगी सेवाही तितक्याच टाळल्या. कुठली टाळायची हे आजारी माणसाला कसं कळणार? आणि फुकट म्हणजे बेहिशेबी नव्हे. थायलंडने २००२ मध्ये सार्वत्रिक योजना आणली, तेव्हा रुग्णाकडून प्रत्येक भेटीला ३० बाट घेतले आणि बाह्यरुग्ण सेवेसाठी रुग्णालयांना नोंदलेल्या माणशी ठरावीक रक्कम दिली. खर्चाचा लगाम रुग्णाच्या हाती न देता रुग्णालयाच्या हाती दिला.

ताळेबंद
इथे मला थोडं मागे यावं लागेल. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात २००८ साली सरकारी विमा सोडतीने दिला गेला. दोन वर्षांत रक्तदाबात लक्षणीय फरक दिसला नाही. पण घर बुडवणारी बिलं जवळपास नाहीशी झाली आणि नैराश्य कमी झालं. म्हणजे विमा घराच्या ताळेबंदाला नक्की सावरतो. तरीही माझी मूळ हरकत कायम आहे: जमेची बाजू शून्य धरू नका. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा.

सांजवेळ
मी फक्त वाचत होते, पण बिलाच्या पुढचं कोणीच बोललं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, विमा असलेल्या आणि साठीच्या आतल्या माणसांचं रुग्णालयात दाखल झाल्यानंतर जे नुकसान झालं, त्यात खिशातून भरलेल्या पैशांपेक्षा बुडालेली कमाई मोठी निघाली.

माझा भाऊ आजारी पडला तेव्हा बिलाचा बराचसा भाग विम्यातून भागला. त्याच्याजवळ बसायला मी नोकरी सोडली. सात महिन्यांनी परत कामाला लागले ती कमी पगारावर, आणि आज सहा वर्षं झाली तरी जुन्या पगाराला पोचलेली नाही. दीपमाळ यांच्या वजाबाकीत माझं काही वजा होत नाही, कारण मी कुठे पैसे भरलेच नाहीत. ताळेबंद यांच्या पद्धतीत तर भावाचे उपचार आमच्या घराच्या जमेला लागतील.