मदत हवी आहे: ओस्लो ते बर्गन ट्रेन, आईबाबा सोबत

मंडळी, जूनमध्ये आईबाबांना घेऊन ओस्लोहून बर्गनला ट्रेनने जायचंय, साधारण सात तासांचा प्रवास आहे आणि वाटेत फिन्से स्टेशन १२२२ मीटरवर, तिथे जूनमध्येही बर्फ असतो म्हणे, बाबा तेव्हापासून स्वेटर मोजतायत 😄

पहिला प्रश्न, खिडकी कुठल्या बाजूची घेऊ? कोणी डावी म्हणतं, कोणी म्हणतं काही फरक पडत नाही. दुसरं, वाटेतल्या म्युरदाल स्टेशनला उतरून खाली फ्लोम गावाला जाणारी छोटी ट्रेन घ्यावी का? २० किलोमीटरला जवळपास तासभर लागतो, धबधबा वगैरे दिसतो, पण तिकीट चांगलंच महाग आहे आणि मोठ्या बॅगा घेऊन चढउतार करायची म्हणजे माझीच हमाली. सामान आधीच पुढे पाठवायची काही सोय आहे का?

बर्गनला संध्याकाळी पोचू. ब्रुगेनची जुनी लाकडी घरं बघायचीच आहेत, आईचे गुडघे दुखतात म्हणून डोंगरावर फ्लोयबानेननेच (केबलने ओढली जाणारी डोंगरावरची रेल्वे) जाणार. स्टेशनपासून ब्रुगेन तिला चालत झेपेल का? आणि दोघंही शुद्ध शाकाहारी, फिश मार्केटचा काही उपयोग नाही, तर गरम जेवण कुठे मिळेल? पावसाचं माहितीये, छत्र्या न्याव्यात की रेनकोट बरा? ज्यांनी म्हाताऱ्या माणसांसोबत केलंय त्यांनी प्लीज सांगा.