तांगहुलू घरी करावं का? माझं मत: मुलांच्या हाती पाक नको

तेजू_ठाणे
परवा ऑफिसातून घरी आले तर लेक (वय 12) आणि तिची मैत्रीण मायक्रोवेव्हसमोर उभ्या. आत चहाचा कप, कपात साखर आणि चमचाभर पाणी. ओट्यावर बांबूच्या काड्यांना टोचलेली स्ट्रॉबेरी आणि द्राक्षं. रील बघून तांगहुलू, म्हणजे ती चिनी साखरेच्या पाकात बुडवलेली फळं, करायचं चाललं होतं. मी फडक्याने कप बाहेर काढला, ओट्यावर टेकवला आणि तोवर शांत दिसणारा पाक एकदम फसफसून वर आला. एक थेंब अंगठ्याशेजारी उडाला. पुसायला गेले तर लांबला, पण निघाला नाही. हरभऱ्याएवढा फोड आलाय. तोच थेंब लेकीच्या डोळ्यात गेला असता तर, हा विचार दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

उकळतं पाणी 100 अंशांचं असतं आणि ओघळून तरी जातं. हा पाक 150 अंशांच्या आसपास, शिवाय चिकट. कातडीला धरून भाजत राहतो. अमेरिकेत बॉस्टनमध्ये 2024 साली भाजलेल्या मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी याच तांगहुलूबद्दल पालकांना सावध केलं होतं. माझं म्हणणं स्पष्ट आहे: सोळा वर्षांखालच्या मुलांना हे करू देऊच नये. खायचंच असेल तर विकत आणावं.

चुलीपाशी
तेजूताई, हात लवकर बरा होऊ दे. पण मत पटलं नाही. दोष मायक्रोवेव्हचा आहे. त्यात पाक सगळीकडे सारखा तापत नाही, कुठवर आलाय ते कळत नाही आणि कप हलला की उसळतो. हे काम गॅसवरच करायचं. जाड बुडाचं पातेलं, दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, मध्यम आच. साखर विरघळली की चमचा घालायचा नाही, नाहीतर परत दाणे धरते. दोन थेंब लिंबू पिळलं की तेही टळतं. बुडबुडे दाट झाले, कडेला किंचित पिवळट झाक आली की गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा. तो उचलून ताटलीत टाकला की टण्ण वाजला पाहिजे. दाताला चिकटला तर अजून व्हायचाय. आपल्या चिक्कीचाच पाक हा!

आईने मला दहाव्या वर्षी संक्रांतीच्या चिक्कीला शेजारी उभं केलं होतं. केस बांध, वाकू नकोस, पाण्याचा हात लावू नकोस, एवढं तीनदा सांगून. ज्या मुलांना आपण ओट्यापासून हाकलतो, ती आपण घरी नसताना करतात. तुमच्याकडे नेमकं तेच झालं.

तेजू_ठाणे
शेवटचं वाक्य लागलं, पण खरं आहे. तरी चिक्की आणि हे एक नाही हो. चिक्कीचा पाक कढईतून थेट ताटात जातो, लाटण्याने थापला की संपलं. इथे काडी हातात धरून पाकावर वाकावं लागतं आणि एकेक फळ फिरवावं लागतं. त्यात धुतलेली स्ट्रॉबेरी पुरती कोरडी नसेल तर पाक तडतडून उडतो. बारा वर्षांच्या मुलीला एवढी सबुरी असते?

हूतोंगकर
सात वर्षं बीजिंगमध्ये काढली, म्हणून मध्ये बोलतो. मला तुम्हा दोघींचंही पटत नाही, कारण मुळात स्ट्रॉबेरीचं तांगहुलू करण्यातच काही राम नाही. खरं तांगहुलू शानझाचं. सुपारीपेक्षा थोडं मोठं, लालभडक, चांगलंच आंबट फळ. बिया काढून काडीला ओवतात. तांग म्हणजे साखर, हूलू म्हणजे दुधी भोपळा. गोल फळं एकावर एक बसली की तसा आकार दिसतो. सोंग काळातल्या एका राजाची आवडती राणी अन्न जाईनासं होऊन खंगत चालली, तेव्हा वैद्याने साखरेत शिजवलेलं शानझा द्यायला सांगितलं, अशी दंतकथा तिकडे सांगतात.

जानेवारीत, पारा शून्याखाली असताना, विक्रेता सायकलला गवताचा भारा बांधून त्यात काड्या खोचून उभा असतो. दात लावला की काच तडकावी तसं कवच मोडतं आणि आतला आंबट, पिठूळ गर जिभेवर येतो. ती साखर त्या आंबटासाठी आहे. द्राक्षावर घातली की नुसतं गोडावर गोड. आणि ठाण्याच्या दमट हवेत ते कवच बघता बघता चिकट होतं. करायचंच तर थंडीत, सुगडात घालतो त्या आंबट गावठी बोरांचं करा.

निमा_दंतवैद्य
आंबट असो की गोड, साखर तेवढीच लागते, आणि ती दाताच्या फटीत बसते. दक्षिण कोरियात 2023 मध्ये याची दुकानं गल्लोगल्ली निघाली आणि मुलांच्या साखरेची चर्चा थेट संसदेच्या समितीत झाली. सणासुदीला एक काडी ठीक. रोज संध्याकाळी नको.

चुलीपाशी
बोरांची कल्पना फार आवडली, हूतोंगकर! तेजूताई, वाकून काडी फिरवण्याचा तुमचा मुद्दा मान्य. मग कामं वाटून घ्या. फळ धुणं, पंच्याने पुसून तासभर पंख्याखाली ठेवणं, काडीला ओवणं, ताटलीत टण्ण ऐकणं हे लेकीचं. बुडवणं तुमचं. पण तिला खोलीबाहेर काढू नका. आणि भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फही नाही.

तेजू_ठाणे
मी परवा टूथपेस्टच लावली होती. सोळाची अट मी अजून सोडलेली नाही, पाकाला तिचा हात लागणार नाही म्हणजे नाही. पण टण्ण ऐकायला तिला हाताच्या अंतरावर उभी करेन. बाजारात गावठी बोरं आली की करते.