आर्केड गेम नक्की कशाला म्हणायचं?

अनिकेत_नाशिक
भाच्यासाठी रेसिंगचा गेम घ्यायचाय, दहा वर्षांचाय तो, पीसीवर खेळतो. दोनचार रिव्ह्यू वाचायला घेतले तर एकाच गेमबद्दल एकजण म्हणतोय "मस्त आर्केड फील आहे" आणि दुसरा त्यालाच नावं ठेवतोय की "फारच आर्केड, गाडी चालवल्यासारखं वाटतच नाही". मला आर्केड म्हटलं की व्हिडिओ गेमचं पार्लरच आठवतं, उभं मशीन, काठी आणि बटणं, टोकन टाका आणि खेळा. पण मोबाइलच्या स्टोअरमध्येपण आर्केड म्हणून वेगळा भाग असतो, ॲपलचं तर आर्केड नावाचं सबस्क्रिप्शनच आहे, आणि टेकन हा मारामारीचा गेम घरच्या कन्सोलवर लावला तरी मेनूत आर्केड मोड लिहिलेलं असतं. मग हे नक्की काय, मशीन की गेमचा प्रकार? आणि भाच्याला कुठला घ्यावा? कोणीतरी नीट सांगा.

जुना_बोर्ड
मूळ अर्थ सरळ आहे, चारचौघांच्या जागी ठेवलेलं, नाणं टाकून खेळायचं मशीन. आर्केड म्हणजे कमानींचा, वरून झाकलेला दुकानांचा रस्ता, आपल्याकडे शॉपिंगच्या बिल्डिंगला 'अमुक आर्केड' नाव देतात ते त्यातलंच. परदेशात अशा ठिकाणी नाण्यावर चालणारी करमणुकीची मशीनं असायची, म्हणून त्यांना पेनी आर्केड म्हणायचे. म्हणजे स्क्रीन यायच्या कितीतरी आधीपासून आर्केड गेम आहेत. पिनबॉल हा पक्का आर्केड गेम, न्यूयॉर्कमध्ये तर तो जुगार समजून त्यावर बंदी होती आणि ती 1976 पर्यंत उठली नव्हती. मॉलमधलं बास्केटबॉल टाकायचं मशीन, पंजाने खेळणं उचलायचं मशीन, एअर हॉकी, हे सगळे आर्केड गेमच, आता नाण्याऐवजी कार्ड लावतात एवढाच फरक.

व्हिडिओवाले नंतर आले, 1971 ला कॉम्प्युटर स्पेस आणि 1972 ला अटारीचा पाँग. पाँगचं पहिलं मशीन कॅलिफोर्नियात सनीवेलच्या एका बारमध्ये ठेवलं होतं, ते बंद पडलं असा निरोप आला म्हणून बघायला गेले तर बिघाड काहीच नव्हता, नाण्यांचा डबा भरून वाहत होता. त्यामुळे माझं मत विचाराल तर घरात बसून फुकट खेळतो तो आर्केड गेम नाही, फार तर आर्केडवरून घेतलेला म्हणा.

रात्रपाळी
इतिहास बरोबर पण शेवटचं पटलं नाही. नाण्याने नुसतं मशीन नाही घडवलं, गेमचा आख्खा स्वभाव घडवला, आणि तो स्वभाव मशीनमधून निघून घरी आला तरी तसाच राहतो. पार्लरवाल्याच्या बाजूने बघा ना, एक मशीन, मागे चारजण ताटकळलेले, आणि एकटाच एका नाण्यात तासभर खेळत बसला तर धंदा काय होणार, म्हणून गेम असा पाहिजे की बघताक्षणी कळेल, काही मिनिटांत मरायला होईल आणि मेल्यावर "अरे थोडक्यात गेलं" असं वाटून हात परत खिशात जाईल.

यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे स्पेस इन्व्हेडर्स, टायटो कंपनीचा, 1978 चा, तोमोहिरो निशिकादोने केलेला. त्यात सुरुवातीला 55 एलियन असतात. प्रोसेसर होता इंटेल 8080, आणि प्रोग्राम एका फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र एकदा बदलताना, एकच एलियन सरकवतो. सेकंदाला साधारण 60 फ्रेम धरले तर सगळी फौज एक पाऊल सरकायला जवळजवळ सेकंद लागतो. पण तुम्ही जसजसे मारत जाता तसतसा उरलेल्यांचा नंबर लवकर लागतो, आणि शेवटचा एकटा उरला की तो दर फ्रेमला सरकतो, म्हणजे सुसाट सुटतो. हार्डवेअरच्या मर्यादेतून आलेली गोष्ट होती ही, निशिकादोने ती मुद्दाम तशीच ठेवली. म्हणजे जिंकत आलात की गेम आपोआप अवघड होतो. हा गेम आज मोबाइलवर खेळलात तरी छातीत तेवढंच धडधडतं, मग त्याला आर्केड नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

रेसिंगचं पण तसंच. सेगाचा 1986 चा आउटरन घ्या, वर घड्याळ उलटं पळतंय, चेकपॉइंट गाठला की वेळ वाढून मिळतो, नाहीतर गेम ओव्हर. आजचे आर्केड रेसिंग त्याच घराण्यातले, ब्रेकला फारसं हात लावायचं काम नाही, भरधाव वेगात गाडी आडवी करून वळण काढता येतं, भिंतीला घासली तरी पुढे चालू. याच्या उलट सिम्युलेशन, तिथे टायर गार असतील तर गाडी घसरते, वळणाच्या किती आधी ब्रेक मारायचा ते पाठ करावं लागतं, एक चाक गवतात गेलं की लॅप वाया. रिव्ह्यूवाले दोघं याच फरकाबद्दल बोलतायत, एकाला पहिलं हवंय आणि एकाला दुसरं.

पौर्णिमा_ठाणे
मला दोघांचंही थोडं थोडं पटतंय. आमच्याकडे पार्लरमध्ये 'मुस्तफा' जोरात चालायचा, नाव खरं कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा, 1993 चा, पण चार कॅरेक्टरांपैकी एकाचं नाव आख्ख्या गेमला पडलं आणि देशभर तेच चालतं. बॉससमोर, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या तगड्या शत्रूसमोर, लाइफ संपली की स्क्रीनवर उलटे आकडे सुरू व्हायचे, तेवढ्यात एकाने मशीन धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने गल्ल्यावर पळत जाऊन टोकन आणायचं, उशीर झाला की सगळं पाण्यात.

नंतर हाच गेम कॉम्प्युटरवर मामे एम्युलेटरवर मिळाला, म्हणजे पार्लरच्या मशीनचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. त्यात कीबोर्डचं 5 दाबलं की नाणं पडतं आणि 1 दाबलं की गेम सुरू. मग काय, मेलं की 5, मेलं की 5, एका बैठकीत गेम संपला आणि काही म्हणजे काही वाटलं नाही! चित्रं तीच, आवाज तेच, मारामारी तीच. मग भावाने आणि मी ठरवलं की एकदाच 5 दाबायचं, त्यानंतर नाही, आणि लगेच पहिल्याच बॉसला घाम फुटायला लागला. म्हणून मला वाटतं मशीन नसलं तरी चालेल, पण हरण्याची काहीतरी किंमत पाहिजे, तरच तो आर्केड गेम.

जुना_बोर्ड
@पौर्णिमा_ठाणे हे मान्य, अगदी मान्य. त्यात एक भर घालतो, किती नाण्यांना एक खेळ, किती लाइफ, किती अवघड हे बऱ्याच जुन्या मशीनच्या आतल्या सर्किट बोर्डांवर डिप स्विच नावाच्या छोट्या बटणांनी ठरवता यायचं. म्हणजे त्याच गेममध्ये एका पार्लरला तीन लाइफ आणि दुसरीकडे दोनच असं होऊ शकायचं, ते पार्लरवाल्याच्या हातात. घरच्या कॉपीत ते तुमच्या हातात आलं, फरक तिथे पडतो. टेकनमधला आर्केड मोड म्हणजे पार्लरमध्ये एकट्याने खेळल्यावर असायचं तेच, एकामागून एक लढती आणि शेवटी बॉस. ॲपलचं आर्केड मात्र यात धरू नका, ते 2019 ला आलेल्या सर्व्हिसचं नाव आहे, त्यात कोडी, गोष्टीवाले गेम सगळं असतं.

अनिकेत_नाशिक
खूप छान समजावलंत सगळ्यांनी, धन्यवाद. म्हणजे भाच्याला आर्केडवालाच ना? त्याच्याकडे स्टिअरिंग नाहीये, कीबोर्डवरच खेळतो.

रात्रपाळी
हो, डोळे झाकून आर्केडवाला. कीबोर्डवर सिम्युलेशन खेळणं म्हणजे छळ आहे, बाण दाबला की स्टिअरिंग पूर्ण वळतं, अर्धंमुर्धं वळवताच येत नाही. बजेट असेल तर सोबत साधा गेमपॅड घ्या, त्याने खूप फरक पडतो. रिव्ह्यूत 'सिमकेड' असं काही दिसलं तर तो दोन्हीच्या मधला प्रकार, तो दोनतीन वर्षांनी घ्या. आणि एकाच स्क्रीनवर दोघांना खेळता येतं का ते आधी बघा, सगळ्यांत नसतं ते, आणि तुम्हालापण खेळायचं असणारच.