नोकरी बदलताना आपली भाषा सोबत न्यावी की सोपवावी?

धागाकर्ता

माझ्या छोट्या मुक्तस्रोत प्रोग्रामिंग भाषेला यंदा सात वर्षे झाली आणि तेवढ्या काळात माझ्या तीन नोकऱ्या झाल्या. जबाबदारी वाढल्यावर हा व्याप कशाला, असे स्नेही विचारतात. माझे मत स्पष्ट आहे: ज्याने भाषा घडवली, त्याने ती प्रत्येक नोकरीत सोबत न्यावी. गिडो व्हॅन रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना पायथन ही प्रोग्रामिंग भाषा लिहायला घेतली. १९९५ साली ते अमेरिकेत सीएनआरआय या संशोधन संस्थेत गेले, पुढे काही छोट्या कंपन्या झाल्या, मग २००५ ते २०१२ गूगल आणि त्यानंतर ड्रॉपबॉक्स. गूगलमध्ये त्यांचा निम्मा वेळ पायथनसाठी राखलेला होता. मालक बदलले, पण एखादी सोय भाषेत का नको हे सांगणारा माणूस तोच राहिला, आणि भाषेला एकसंधपणा येतो तो यामुळेच.

प्रतिसाद १

सहमत नाही. या हकिकतीचा उत्तरार्ध आपण गाळला आहे. ':=' या चिन्हाच्या प्रस्तावावरून, म्हणजे पीईपी ५७२ (पायथनमधील बदलांचे प्रस्ताव असे क्रमांकाने ओळखले जातात) वरून, झालेल्या वादाने थकून त्यांनी जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला आणि उत्तराधिकारीही नेमला नाही. कारभार कसा चालवायचा हे ठरवण्यातच सहकाऱ्यांचे कित्येक महिने गेले. पाच जणांची सुकाणू समिती २०१९ च्या आरंभी निवडून आली. उलट रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचे जनक ग्रेडन होर तिच्या नेतृत्वातून २०१३ मध्येच बाजूला झाले, आणि १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये त्यांच्याविना आली. ऑगस्ट २०२० मध्ये, रस्टला पाठबळ देणाऱ्या मोझिलाने सुमारे २५० जणांना कमी केले, त्यात रस्टवर काम करणारेही होते. तरी भाषा थांबली नाही. वेळीच सोपवणे हीदेखील जबाबदारीच आहे.

प्रतिसाद २

आपण दोघेही नियुक्तीपत्राबद्दल बोलत नाही, याचे आश्चर्य वाटते. माझ्या मागच्या नोकरीच्या करारात, नोकरीच्या काळात केलेली प्रत्येक निर्मिती कंपनीच्या मालकीची, असे कलम होते. माझा प्रकल्प त्यातून वगळल्याचे पत्र हाती यायला पाच आठवडे लागले. फाइलच्या शेवटी नवी ओळ नसली की पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, अडकून पडत असे; त्यावर एका विद्यार्थिनीने पाठवलेली अकरा ओळींची दुरुस्ती तोवर तशीच पडून राहिली. तिने दोनदा विचारले, नंतर ती फिरकलीच नाही. मला आजही त्याचे वाईट वाटते. खुद्द पायथनही यातून सुटली नव्हती: सीएनआरआयच्या परवान्यात व्हर्जिनिया राज्याचा कायदा लागू राहील असे कलम असल्याने तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याशी सुसंगत नाही, असे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे म्हणणे होते, आणि ती गाठ २००१ मध्ये सुटली.

धागाकर्ता

कराराचा मुद्दा पूर्णपणे मान्य. सही करण्यापूर्वीच असे पत्र मागायला हवे, आणि माझ्या अनुपस्थितीत दुरुस्त्या अडू नयेत म्हणून दोन सहकाऱ्यांना मी याच आठवड्यात दुरुस्त्या मूळ कोडमध्ये विलीन करण्याचे अधिकार देतो. रस्टचे उदाहरण मात्र मला तितकेसे लागू वाटत नाही, कारण होर बाजूला झाले तेव्हा तिच्यावर पगारी माणसे काम करत होती. माझ्या भाषेवर पाच जण काम करतात, तेही रात्री जेवणे उरकल्यावर. त्यामुळे व्याकरणात काय येईल आणि काय नाही, हा निर्णय तूर्त मी माझ्याकडेच ठेवणार आहे.

प्रतिसाद १

मग तो निर्णय पुढे कोणाकडे जाईल, हे निदान आजच लिहून ठेवा.