'घात आली' म्हणजे नक्की काय?

भांडुपची सून: माझं सगळं आयुष्य मुंबईत गेलं, सासर लातूरकडचं. काल मामांना (सासरे) फोन केला, पेरणी झाली का विचारलं तर म्हणाले, "अजून घात नाही आली, दोन दिवसांत येईल." मला धस्सच झालं, घात येईल म्हणजे काय वाईट होणार आहे की काय, आणि ते तर एकदम खुशीत बोलत होते. त्यांना परत विचारायला संकोच वाटला. कोणी नीट सांगेल का?

काळंरान: ताई घाबरू नका, ही घात वेगळी. दगाफटका होतो तो घात, 'घात झाला'. शेतातली ती घात, 'घात आली', 'घात गेली'. पाऊस उघडल्यावर रानात चिखलही नाही आणि माती कोरडीही नाही अशी जी वेळ येते ती घात. बऱ्याच भागात यालाच वाफसा किंवा वापसा म्हणतात. मातीच्या पोकळ्यांत पाणी पण असतं आणि हवा पण खेळती असते, बियाला दोन्ही लागतं. आमचे वडील चार बोटं खोल उकरून मूठभर माती घ्यायचे, दाबून गोळा करायचे आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचे. गोळा पडून फुटला की घात आली, तसाच राहिला तर अजून ओल जास्त, आणि गोळाच झाला नाही तर ओल कमी. ओल्यात तिफण (पेरणीचं अवजार) घातली तर बी पडायच्या नळ्या चिखलाने बुजतात, नंतर रानात दगडासारखी ढेकळं होतात. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं म्हणून लगेच पेरायचं नसतं, ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं पण दरवर्षी सांगतं, नाहीतर दुबार पेरणी आणि बियाण्याचे पैसे गेले.

लालबागचा कोकणी: आमच्याकडे भाताला हे नाही. लावणीला पाणी साचवून चिखलणी करतात, जेवढा चिखल तेवढं बरं. म्हणून हा शब्द मी पण मुंबईत आल्यावर रूममेटकडून ऐकला, तो बीडचा.

काळंरान: बरोबर. मात्र भात काढून वाल, हरभरा टाकता तेव्हा तुम्हालाही ओल बघावीच लागते. अजून एक, घात सगळ्या रानाला एकदम येत नाही. मुरमाड माळ लवकर येतो, भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते म्हणून उशिरा. आणि ऊन कडक पडलं तर घात दोन-तीन दिवसांत निघून पण जाते, म्हणून त्या दिवसांत गावाकडचा माणूस फोन उचलत नाही, त्याचा राग मानू नका.

भांडुपची सून: खूप खूप आभार. आत्ता फोन लावला आणि सरळ विचारलं, "मामा, माळाला घात आली का?" ते क्षणभर गप्पच झाले, मग सासूबाईंना हाक मारून सांगितलं सूनबाई काय विचारतेय बघ. माळाला आलीये, उद्या सकाळी तिथे तूर टाकणार. खालच्या काळ्या रानात अजून पाय रुततोय.