मॅकओएससाठी थंडरबोल्टवाला डेस्कटॉप: बोर्ड कुठला घ्यावा, आणि चिप फ्लॅश करावी का?

[१] विषय: थंडरबोल्टवाला डेस्कटॉप

मंडळी, नमस्कार.

मॅकओएस (ॲपलच्या मॅकची यंत्रणा) चालवण्यासाठी सुटे भाग घेऊन साधा पीसी डेस्कटॉप जुळवायचा आहे. काम ध्वनिमुद्रणाचं आणि व्हिडिओ संकलनाचं. थंडरबोल्टवर (डेटा आणि चित्र एकाच केबलने नेणारी वेगवान जोडणी) तीन वस्तू येणार: कायम जोडलेला ऑडिओ इंटरफेस, रोज काढ-घाल होणारी एसएसडी आणि एक मॉनिटर.

यादी सध्या अशी आहे: आय९-१२९००के प्रोसेसर, थंडरबोल्ट ४ असलेला झेड६९० मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, सॅमसंग पीएम९८१ एनव्हीएमई एसएसडी, ३२ जीबी रॅम. यात काय बदलावं लागेल?

[२] उत्तर: थंडरबोल्टवाला डेस्कटॉप

नमस्कार. रॅम सोडून सगळं.

> आरटीएक्स ३०६०

हे आधी काढा. मोहावे या मॅकओएस आवृत्तीपासून पुढे एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना ड्रायव्हरच नाही, आणि आरटीएक्स मालिकेला तर कधीच नव्हता. एएमडीचं आरएक्स ६६००, ६६०० एक्सटी, ६८०० एक्सटी किंवा ६९०० एक्सटी घ्या. मधलं ६७०० एक्सटी बघून मोह होईल, पण त्याची चिप वेगळी आहे आणि मॅकओएस ती सरळ ओळखत नाही. आरएक्स ७००० मालिका पूर्ण बाद. ६००० मालिकेला बूट-आर्ग्युमेंटमध्ये (सुरू होताना यंत्रणेला द्यायच्या सूचनांमध्ये) 'एजीडीपीमॉड=पिकेरा' टाकायला विसरू नका; नाहीतर सफरचंदाच्या चिन्हानंतर पडदा काळा होतो आणि लोक उगाच केबल बदलत बसतात.

> पीएम९८१

ही एसएसडी मॅकओएसवर कर्नल पॅनिक करते (अख्खी यंत्रणा कोसळते), म्हणून तिचं नाव टाळायच्या यादीत कायम असतं. डब्ल्यूडी ब्लॅक एसएन७५० सरळ चालते. सॅमसंगच्या इतर काही एसएसडींवर मॉन्टेरे आवृत्तीपासून बूट रेंगाळतं, कारण दर वेळी ट्रिम (एसएसडीवरची मोकळी जागा साफ करणं) पूर्ण होईपर्यंत यंत्रणा थांबते.

> आय९-१२९००के, झेड६९०

इथे खरी गोम आहे. नेहमीच्या पीसीत आपण प्रोसेसर ठरवून मग बाकीचं बघतो. इथे आधी थंडरबोल्टची चिप ठरवायची, मग ती असलेला बोर्ड, आणि त्या बोर्डात बसेल तो प्रोसेसर. इंटेलवाल्या खऱ्या मॅकमध्ये ज्या चिप होत्या, त्यांच्याशीच मॅकओएसची नीट ओळख आहे. २०१९ च्या मॅक प्रोमध्ये टायटन रिज (थंडरबोल्ट ३ ची चिप) होती. थंडरबोल्ट ४ ची मेपल रिज एकाही इंटेल मॅकमध्ये आली नाही. तिच्यावर कायम जोडलेला ऑडिओ इंटरफेस चालून जाईल, पण रोज काढ-घाल करायच्या एसएसडीसाठी मी ती निवडणार नाही.

म्हणून गिगाबाइटचा झेड४९० व्हिजन डी. टायटन रिज बोर्डावरच आहे, मागे दोन टाइप-सी पोर्ट आणि एक डिस्प्लेपोर्ट-इन (ग्राफिक्स कार्डाचं चित्र आत घेणारं). त्यात दहाव्या पिढीचा आय७-१०७००के किंवा आय९-१०९००के. पहिल्यासाठी एसएमबायोस (मॅकओएसला सांगायचं मॅकचं मॉडेल) आयमॅक२०,१ आणि दुसऱ्यासाठी आयमॅक२०,२. नावात 'एफ' असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसतं आणि आयमॅकचा एसएमबायोस ते गृहीत धरतो. अकराव्या पिढीचं अंतर्गत ग्राफिक्स मॅकओएसवर चालत नाही. बाराव्या पिढीला प्रोसेसरची खोटी ओळख द्यावी लागते आणि ई-कोअरची (कमी वीज खाणाऱ्या छोट्या कोअरची) निस्तरानिस्तर वेगळी.

जुना बोर्ड मिळाला तर झेड३९० डिझायनेअरही उत्तम आहे. एएमडीचा रायझनच हवा असेल तर बी५५० व्हिजन डी वर टायटन रिज आहे, पण कर्नल पॅच (यंत्रणेच्या गाभ्यातले बदल) सांभाळावे लागतात आणि संकलनाची काही सॉफ्टवेअर इंटेलच्याच लायब्ररींवर अडतात.

मॅकओएसची कुठली आवृत्ती टाकावी, हे विचारलं नाहीत तरी सांगतो: सिक्वोया. तिच्यानंतरची टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे. त्यातून ॲपलने जुना ऑडिओ ड्रायव्हर काढला, त्यामुळे बोर्डावरचा आवाज चालवणाऱ्या ॲपलएएलसीला पकडायला काही उरत नाही आणि तो आवाज बंद पडतो. फायरवायरही (जुनी ऑडिओ-व्हिडिओ जोडणी) टाहोत गेलं. थंडरबोल्ट-फायरवायर ॲडॅप्टरवर जुना मिक्सर चालवणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं. वायफायसाठी जुनं ब्रॉडकॉम कार्ड शोधत बसू नका, सोनोमा आवृत्तीपासून त्याचाही आधार गेला. लॅन केबल लावा.

बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये): सीएसएम बंद, सिक्युअर बूट बंद, सीएफजी लॉक बंद, एबव्ह ४जी डिकोडिंग चालू, एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू, साटा एएचसीआय वर. थंडरबोल्ट सिक्युरिटी 'नो सिक्युरिटी'. म्हणजे पोर्टात लावलेलं कुठलंही उपकरण न विचारता आत येतं आणि थेट मेमरीपर्यंत पोचू शकतं, तेव्हा यंत्र कुठे ठेवणार याचा विचार करा.

बाकी ओपनकोअरचं (साध्या पीसीवर मॅकओएस सुरू करणारा बूटलोडर) नेहमीचं: ईएफआय विभागात (डिस्कच्या बूट भागात) हे जोडड्रायव्हर: लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटेव्हरग्रीन, ॲपलएएलसी, आणि बोर्डावरच्या गिगाबिट लॅनसाठी इंटेलमाउसी. एसएसडीटी (बोर्डाचं वर्णन करणाऱ्या छोट्या फायली) तीन: प्लग, ईसी-यूएसबीएक्स, एडब्ल्यूएसी. आधी थंडरबोल्टला काहीही न जोडता यंत्र स्थिर करा. झोप, जाग, आवाज, यूएसबी सगळं नीट झाल्यावरच थंडरबोल्टकडे वळा. दोन्ही एकदम केलंत तर बिघाड कशाचा हेच कळत नाही.

[३] उत्तर: थंडरबोल्टवाला डेस्कटॉप

आपल्या मंडळाच्या समितीतर्फे एक ओळ: मॅकओएसचा परवाना फक्त ॲपलच्या यंत्रांपुरता आहे. मंडळाच्या पैशातून असं यंत्र घेतलं जाणार नाही. स्वतःसाठी कोणी काय जुळवावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. चर्चा चालू द्या.

[४] उत्तर: थंडरबोल्टवाला डेस्कटॉप: फ्लॅश

[२] मध्ये काकांनी पार्ट्सचं सगळं बरोबर सांगितलं, पण नुसता टायटन रिज बोर्ड घेऊन एसएसडीची काढ-घाल जमणार नाही. चिप फ्लॅश करावी लागेल, म्हणजे तिचं फर्मवेअर (चिपच्या आतला प्रोग्राम) बदलावं लागेल.

पीसीत थंडरबोल्टच्या जोडण्या चिपमधलं फर्मवेअर स्वतःच सांभाळतं. मॅकमध्ये तेच काम मॅकओएसचा ड्रायव्हर करतो. मूळ फर्मवेअर असताना बूटच्या वेळी लावलेलं उपकरण बायोस शोधून देतो, म्हणून ते चालतं. तेच काढून पुन्हा लावलं की बहुतेक वेळा मॅकओएसला पत्ताच नसतो. सिस्टीम रिपोर्टमध्ये थंडरबोल्टखाली 'नो ड्रायव्हर्स आर लोडेड' दिसतं ते यामुळेच. बदललेल्या फर्मवेअरने सगळा कारभार मॅकओएसकडे जातो आणि तिथे बस (थंडरबोल्टची जोडणी) दिसू लागते.

साहित्य: सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं उपकरण), एसओआयसी-८ ची (आठ पायांच्या चिपवर बसणारी) क्लिप, दुसरा एक संगणक. काळ्या रंगाचा सीएच३४१ए स्वस्त मिळतो, पण त्यात एक खोट आहे. पुरवठा ३.३ व्होल्टवर ठेवला तरी डेटाच्या पिना ५ व्होल्टच देतात. थंडरबोल्टचं फर्मवेअर ठेवणारी फ्लॅश चिप ३.३ व्होल्टची आहे. एखाददुसऱ्या वेळी निभावतं, म्हणून लोक 'चालतं की' म्हणतात. दुरुस्त केलेला किंवा व्होल्टेज बदलता येणारा घ्या, आणि क्लिप लावण्याआधी मल्टिमीटरने डेटाची पिन मोजा.

यंत्राची वीज काढा, पीएसयूची केबल भिंतीतून उपटा, सीमॉस सेल काढा, पॉवरचं बटण दोन-तीनदा दाबून उरलेला भार जाऊ द्या. ग्राफिक्स कार्डही काढा, हाताला जागा लागते. या फ्लॅश चिपवर एका कोपऱ्यात बारीक ठिपका असतो, ती १ नंबरची पिन. क्लिपची लाल तार तिकडे. बॅटरीच्या उजेडात तिरकं धरून बघा, समोरून ठिपका दिसतच नाही.

आता आधी वाचायचं, लिहायचं नाही. चिपवरचं वाचून फाइल साठवा, क्लिप काढून पुन्हा लावा, परत वाचा. दोन्ही फायली तंतोतंत जुळल्या पाहिजेत आणि प्रत्येकीचा आकार बरोबर १०,४८,५७६ बाइट, म्हणजे १ एमबी हवा. जुळत नसतील तर क्लिप नीट बसलेली नाही. फाइलभर एफएफ-एफएफ दिसत असेल तर चिपला धड स्पर्शच झालेला नाही. जुळलेली फाइल दोन ठिकाणी ठेवा, परतीचं तिकीट तेवढंच. मग पुसा, बदललेलं फर्मवेअर लिहा, पडताळा. पडताळणी नापास झाली तर वीज न लावता पुन्हा लिहा.

बोर्डावर थेट हात घालायची भीती वाटत असेल तर गिगाबाइटचं जीसी-टायटन रिज कार्ड घ्या. तीच चिप, दोन पोर्ट, आणि फ्लॅश बिघडली तर फक्त कार्ड जाईल. त्याला चिपसेटकडून येणारा पीसीआयई ३.० एक्स४ स्लॉट द्या आणि बोर्डावर थंडरबोल्टचा हेडर (केबल जोडायची पिनपट्टी) असल्याची खात्री करा. सोबतची यूएसबी २ ची केबलही बोर्डाला जोडायची असते. ती शोभेची नाही.

फ्लॅशनंतर थंडरबोल्टची एसएसडीटी लागते. पोर्टांच्या पुलांवर (पीसीआय ब्रिजवर) 'पीसीआय हॉटप्लग केपेबल' (काढ-घाल जमते) हा गुणधर्म तिच्यातूनच जातो. ती तुमच्याच बोर्डाच्या पीसीआय मार्गासाठी हवी. दुसऱ्याच्या बोर्डाची उचलून टाकली तर काही होत नाही, निदान चांगलं काही होत नाही.

एक बारकावा. बदललेलं फर्मवेअर एकाच फाइलमधून आलं की चिपचा ओळख क्रमांकही सगळीकडे तोच राहतो. अशी दोन यंत्रं थंडरबोल्ट केबलने जोडून फायली पाठवायला गेलात तर ती एकमेकांना ओळखत नाहीत. एसएसडीटीतल्या ड्रॉममध्ये (चिपची ओळख सांगणाऱ्या डेटामध्ये) वेगळा क्रमांक घाला. क्रमांकाचा सीआरसी-८ (पडताळणीचा आकडा) आणि उरलेल्याचा सीआरसी-३२ नव्याने मोजायला हवा, एक बाइट चुकला तरी ड्रॉम नाकारला जातो.

[५] उत्तर: थंडरबोल्टवाला डेस्कटॉप: फ्लॅश

[४] मधल्या ताईंचं म्हणणं बरोबर, पण त्यासाठी काय गमवावं लागतं तेही सांगायला हवं. फ्लॅश केल्यावर त्याच यंत्रावर विंडोजमध्ये थंडरबोल्टची काढ-घाल बिघडते, कारण विंडोजला जुनं फर्मवेअर हवं असतं. विंडोजही लागत असेल तर माझ्या मते फ्लॅश करू नये. ऑडिओ इंटरफेस चालू करून मग यंत्र चालू करावं, आणि रोजच्या काढ-घालीसाठी १० गिगाबिटची यूएसबी एसएसडी वापरावी. ती सेकंदाला साधारण १,००० एमबी देते, थंडरबोल्ट ३ ची २,८०० पर्यंत जाते. तो फरक खरोखर जाणवतो का, हे आधी ठरवा.

केबलचंही सांगतो. ४० गिगाबिट लिहिलेली ०.८ मीटरपर्यंतची पॅसिव्ह केबल सर्वात बिनधोक. २ मीटरची ॲक्टिव्ह थंडरबोल्ट ३ केबल ४० देते, पण तिच्यावर साधं यूएसबी उपकरण लावलं तर ते यूएसबी २ च्या वेगाने रांगतं.

[६] उत्तर: थंडरबोल्टवाला डेस्कटॉप: फ्लॅश

सर्वांचे आभार. झेड४९० व्हिजन डी, आय७-१०७००के, आरएक्स ६६०० एक्सटी, सिक्वोया. फ्लॅश झालं, बस दिसते, एसएसडी काढ-घाल करता येते. दोन अडचणी: थंडरबोल्ट मॉनिटर काळा, त्याचे यूएसबी पोर्ट मात्र चालतात. आणि टाइप-सी पोर्टात साधा यूएसबी २ चा डोंगल लावला तर मेलेला.

[७] उत्तर: थंडरबोल्टवाला डेस्कटॉप: फ्लॅश

मॉनिटर: ग्राफिक्स कार्डाचं चित्र थंडरबोल्टकडे आपोआप जात नाही. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून एक छोटी केबल बोर्डाच्या मागच्या डिस्प्लेपोर्ट-इनमध्ये घाला. म्हणजे एका आउटपुटला मुकलात. दोन प्रवाह लागणारा जुना ५के मॉनिटर असेल तर एका डिस्प्लेपोर्ट-इनवर पूर्ण ५के मिळणार नाही. त्यासाठी दोन इनपुट असलेलं जीसी कार्ड लागतं.

डोंगल: टायटन रिज यूएसबी ३ स्वतः देते, पण टाइप-सीमधल्या यूएसबी २ च्या तारा इंटेलच्या चिपसेटकडून येतात. मॅकओएसच्या १५ यूएसबी पोर्टांच्या मर्यादेत बसवताना 'हे एचएस (यूएसबी २ चे) पोर्ट कशालाच लागत नाहीत' असं समजून तुम्ही तेच उडवले असणार. सगळ्यांची हीच चूक होते. यूएसबी पोर्टांचा नकाशा पुन्हा करा: यूएसबी २ चा डोंगल दोन्ही टाइप-सी पोर्टांत, एकदा सुलटा आणि एकदा उलटा लावा, आणि नकाशाच्या साधनात कुठला एचएस क्रमांक जागा होतो ते कागदावर लिहा. ते दोन ठेवायचेच. बेरीज १५ च्या वर गेली तर कॅबिनेटच्या पुढच्या एखाद्या पोर्टाची एसएस (यूएसबी ३ ची) बाजू कापा, एचएस राहू द्या. तिथे कीबोर्ड आणि डोंगलच लागतात, त्यांना तेवढं पुरतं.