पाटीची पेन्सिल, वाढवलेलं दूध आणि हिमोग्लोबिन : अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

लेक साडेचार वर्षांची. दिवाळीनंतर लक्षात आलं, की हिच्या पाटीवरच्या पेन्सिली फार पटापट संपतात. मग एकदा पलंगाखाली कुरतडलेले तुकडे सापडले. सासूबाई म्हणाल्या, "कॅल्शियम कमी पडतंय तिला, दूध वाढव." लहानपणापासून हेच ऐकलेलं, त्यामुळे मलाही पटलं. दोन पेल्यांचे चार पेले झाले. पोट दुधानंच भरायचं, वरणभात समोर आला की तोंड फिरवायची. पेन्सिल सुटली नाहीच, उलट भिंतीचे पोपडेही खायला लागली.

शेवटी गेल्या महिन्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९. पाच वर्षांखालच्या मुलांत ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही फार कमी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की पेन्सिल, माती, पोपडे खाणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय दुधातल्या कॅल्शियममुळे जेवणातलं लोहही नीट अंगी लागत नाही. म्हणजे दोन महिने मी माझ्या हातानं तिचं दुखणं वाढवत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिथेच त्यांनी मलाही विचारलं, "तुम्ही कच्चे तांदूळ वगैरे खाता का?" मी वर्षभर तांदूळ निवडताना मूठमूठ खाते आहे! माझं हिमोग्लोबिन ९.६ निघालं. पाळीत रक्तस्राव खूप होतो, त्यासाठी सोनोग्राफी करायची आहे. सासूबाई अकरा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात, तळपायाला मुंग्या येतात म्हणायच्या. त्यांचं बी-१२ कमी आलं. हे औषध खूप वर्षं घेतलं की तसं होऊ शकतं, त्यात आम्ही शाकाहारी. त्यांची इंजेक्शनं सुरू आहेत, त्याची काळजी नाही.

अडतंय ते लेकीच्या औषधाशी. लोहाचं सिरप तोंडात घेते आणि थुंकते. उपाशीपोटी दिलं तर उलटी होते, म्हणून आता जेवणानंतर तासाभरानं लिंबू सरबताबरोबर देते. दात काळे पडू नयेत म्हणून ड्रॉपरनं गालाच्या आत सोडते. शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण पोट घट्ट होतंय. हिमोग्लोबिन वर आल्यावरही दोन-तीन महिने औषध चालू ठेवायचं आहे. इतके महिने रोज ही झटापट कशी निभवायची? कोणी काय युक्ती केलीत?

दुसरं म्हणजे चहा. सासूबाईंना जेवण झालं की लगेच चहा लागतो, आणि बशीतले दोन घोट नातीला. चहानं लोह शोषलं जात नाही, हे मला आता कळलंय. पण दुधाचं कळल्यापासून त्या आधीच गप्प गप्प आहेत. "माझ्यामुळेच झालं ना गं," असं एकदा म्हणाल्या. त्यांचा फार जीव आहे हिच्यावर. त्यात चहाबद्दल बोललं तर त्यांना आणखी लागेल. तुमच्या घरी असं कोणी समजुतीनं सांगितलंय का?

दूध डॉक्टरांनी दिवसाला दोन पेल्यांवर आणायला सांगितलंय. लोखंडी तवा काढलाय, मटकीच्या उसळीवर लिंबू पिळते. अळिवाची खीर आमच्याकडे दुधातच करतात, म्हणून आता नारळ-गुळाचे लाडू करायचेत. पण अळीव तिला कडवट लागतात. दुसरं काही मुलांनी आवडीनं खाल्लेलं सुचवाल?

एक सांगून ठेवते. लोहाच्या गोळ्या लहान मुलानं जास्त खाल्ल्या तर जिवावर बेततं. माझ्या गोळ्या मी कुलपाच्या कपाटात ठेवल्यात. तुमच्याकडे असतील तर आजच वर ठेवा.

औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानंच चालू आहे, ते बदलायचं नाहीये. मला फक्त तुम्ही घरी काय केलंत ते हवंय.